दोघी जावांची फुगडी

फार फार वर्षं झाली या गोष्टीला. किती, ते विचारू नका. तेव्हा नदीला घाट बांधलेला नव्हता आणि डोंगरावर जायला वाट नव्हती, एवढंच मला ठाऊक आहे. त्या डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावाच्या वेशीवर देवीचं देऊळ होतं आणि देवळापुढं सारवलेलं मोठं अंगण होतं.

दरवर्षी चैत्रात देवीची जत्रा भरे. बाया पन्हं करत, आंब्याची डाळ वाटत, देवीला मोगऱ्याचे गजरे घालत. आणि जत्रेच्या दुपारी, ऊन कललं की अंगणात फुगड्यांची चढाओढ लागे. आता तुम्ही म्हणाल, फुगडीची कसली आली चढाओढ? अहो, ती साधीसुधी फुगडी नव्हती. बारा गावांच्या जोड्या येत. नगारा वाजू लागला की सगळ्या जोड्या एकदम फिरू लागत. ज्यांचे हात सुटले, ज्यांचे पाय अडखळले, त्या बाहेर. असे तीन नगारे व्हायचे. तिसऱ्याच्या शेवटी जी जोडी उरेल, तिच्या गावच्या बायांनी दुसऱ्या दिवशी देवीला न्हाऊ घालायचं आणि नवं लुगडं नेसवायचं. या मानासाठी बाया वर्षभर वाट बघत.

आणखी एक रीत होती. प्रत्येक जोडीचा एक लाल गोंडा मंडपाच्या तुळईला बांधलेला असे. एकदा जोडी जमली की जमली, मग रिंगणात दुसरीचा हात धरायचा नाही. पण लागोपाठ दोन जत्रांत जिनं पहिला नगारा पुरा केला नाही, त्या जोडीचा गोंडा देवळातली गुरवीण आजी उतरवी आणि नदीत सोडी. मग त्या दोघींनी जन्मात पुन्हा रिंगणात उतरायचं नाही.

त्या गावात एका घरात दोघी जावा होत्या. थोरली जात्यासारखी भक्कम, धाकटी रवीसारखी शिडशिडीत. पहिल्यांदा दोघी रिंगणात उतरल्या तेव्हा बाया तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. "अगं, ही त्या पोरीला भिरकावून देईल की डोंगरावर!" पण नगारा वाजला आणि हसणं थांबलं. दोघींची पावलं मध्ये एकमेकींना भिडलेली, हात कातरीसारखे गुंतलेले, आणि दोघी अशा मागं रेलल्या होत्या की बघणाऱ्याला वाटावं आता पडतील, मग पडतील. पण पडत नसत. हिचा भार ती पेले, तिचा भार ही पेले. लुगड्यांचे रंग मिसळून जात आणि थोरली कोण, धाकटी कोण, ते कळेनासं होई. लागोपाठ चार वर्षं देवीला या गावचं लुगडं मिळालं.

थोरलीची आणखी एक ओळख होती. फुगडी खेळता खेळता ती गाणी रचायची. समोरच्या जोडीला असा चिमटा काढायची की अख्खं अंगण हसायचं. नदीपलीकडच्या गावच्या दोघी बहिणी या जावांच्या तोडीच्या होत्या. त्यांच्यात आणि थोरलीत गाण्यांची जुगलबंदी लागली की म्हातारी माणसंसुद्धा काठ्या टेकत ऐकायला येत.

पाचव्या वर्षी मात्र घात झाला.

रिंगणात उतरण्याआधी प्रत्येक जोडीनं देवीच्या समईत तेल घालायचं असे. त्या वर्षी तेल घालताना थोरलीचा हात हलला आणि बुधलीतलं तेल दोन्ही तळव्यांवर सांडलं. गुरवीण आजीनं राखेचं ताट पुढं केलं. म्हणाली, "हात चोळून घे गं."

थोरलीनं हात मागं घेतले. "देवीच्या समईचं तेल आजी, त्याला राख कशी लावू? पाप लागेल."

तिनं तळवे भक्तिभावानं केसांवरून फिरवले आणि तशीच रिंगणात गेली. मन अगदी भोळं हो तिचं! पण तेलाला काय कळतंय भोळं नि भाबडं? दुसऱ्या नगाऱ्याला वेग ऐन भरात आला आणि धाकटीचे हात सुटले. ती फेकली गेली ती थेट दीपमाळेच्या दगडी चौथऱ्यावर. नडगीचं हाड दोन जागी मोडलं.

हाडवैद्य आला. त्यानं हाड बसवलं, पाल्याचा लेप लावला, बांबूच्या कांब्या बांधल्या. सहा महिने खाट सोडायची नाही, असं बजावलं. जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाला, "पोरी, चालशील. पाणी भरशील. फुगडीचं मात्र मला विचारू नकोस."

धाकटीनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

थोरलीनं त्याच दिवशी देवीपुढं हात जोडले आणि तेल सोडलं. केसाला तेल नाही, जेवणात तेलातलं काही नाही, धाकटी पहिल्यासारखी होईपर्यंत. तिचं गाणंही बंद झालं. घरातलं सगळं काम ती एकटी ओढू लागली. धाकटीला चमचासुद्धा उचलू देईना.

सहा महिन्यांनी कांब्या सुटल्या. पाय काठीसारखा वाळलेला. धाकटी कशीबशी देवळापर्यंत आली आणि गुरवीण आजीला म्हणाली, "आजी, मोठ्ठा नवस बोलते. पाय बरा होऊ दे, सोन्याचं पाऊल वाहीन."

"सोन्याचं पाऊल घेऊन देवी काय करणार, फुंकणार?" आजी म्हणाली. "नवस नको, नेम कर. रोज देवीला प्रदक्षिणा घाल. आज जेवढी होईल तेवढी. उद्या त्याहून एक पाऊल जास्त. एकच. दोन टाकलीस तर मी रागवेन."

पहिल्या दिवशी धाकटीची अर्धी प्रदक्षिणाही झाली नाही. गाभाऱ्याच्या मागच्या भिंतीला टेकून ती रडली. दुसऱ्या दिवशी त्याच जागेच्या पुढं एक पाऊल टाकून मग रडली. तिसऱ्या दिवशी रडायचं विसरली. पावलं मोजण्यात दिवस जाऊ लागले. चैत्र आला तेव्हा ती काठी घेऊन चालत होती. त्या जत्रेला दोघी जावा कडेला बसल्या आणि देवीला नदीपलीकडच्या गावचं लुगडं मिळालं. एक जत्रा गेली.

नेम मात्र चुकला नाही. हळूहळू काठी गेली. पुढं पुढं एकेका पावलानं आजीचं समाधान होईना. "आता एकेक फेरी वाढव," ती म्हणाली. दिवाळी उलटली तोवर धाकटी एकशे आठ प्रदक्षिणा घालू लागली होती. पाय भरला. ती नदीवरून घागर आणू लागली, डोंगरावर चढून करवंदीची जाळी शोधू लागली. हाडवैद्य वाटेत भेटला तर डोळे चोळून बघायचा.

मग एका दुपारी तिनं परसात थोरलीपुढं हात धरले. "चला, जाऊबाई. जत्रेला दोन महिने उरले."

थोरली पांढरी पडली. तरी तिनं हात धरले. असे घट्ट धरले की धाकटीच्या बांगड्या रुतल्या. दोघी फिरू लागल्या. एक फेरी, दोन फेऱ्या, तिसऱ्या फेरीला पावलांत पावलं अडकली आणि धाकटी भेलकांडली.

"बघ, पाय दुखला ना? बस गं, बस जरा."

"दुखला नाही. पण फिरतच नाही."

दुसऱ्या दिवशी तेच. आठवडाभर तेच. फुगडी वेग धरेना. धाकटीला वाटू लागलं, हाड जुळलं खरं, पण पायातलं काहीतरी त्या चौथऱ्यावरच राहून गेलं. चालता येतं, पळता येतं, पण फुगडी आता आपली नाही. सासूबाई दारातून बघायच्या आणि आत जायच्या.

अशातच बाजाराच्या दिवशी नदीपलीकडच्या दोघी बहिणी भेटल्या. त्या तशा मनानं वाईट नव्हत्या, पण तोंडाला आवर नव्हता. भाजीच्या पाट्या डोक्यावर घेऊन दोघींनी तिथंच ताल धरला:

"नदीपल्याडच्या आम्ही गं मैना,
लंगडीशी खेळायला पाय वळेना!"

पूर्वीची थोरली असती तर तिनं चारचौघांत त्यांना पळता भुई थोडी केली असती. पण ती मान खाली घालून निघून गेली. धाकटीला लंगडी म्हटल्याचं काही वाटलं नाही. थोरली गप्प राहिली, ते मात्र तिच्या काळजाला लागलं.

दुसऱ्या दिवशी ती देवळात गेली आणि म्हणाली, "आजी, आमचा गोंडा उतरवा. जत्रेची वाट कशाला बघायची? माझा पायच उरला नाही."

गुरवीण आजी तुळशीला पाणी घालत होती. सत्तरी केव्हाच ओलांडलेली, तोंडात तीन दात. तिनं तांब्या खाली ठेवला, पदर खोचला, राखेत हात चोळले आणि म्हणाली, "उतरवते. त्याआधी माझ्याशी एक फुगडी घाल."

"अहो आजी!"

"अहो आजी काय? धर हात."

धाकटीनं भीत भीत हात धरले. आजीनं पावलं जुळवली आणि एकदम सगळं अंग मागं टाकून दिलं.

"आजी, पडाल!"

"पडेन कशी? तू धरलंयस ना!"

आता धाकटीला विचार करायला सवडच राहिली नाही. म्हातारीची हाडं तिच्या हातात होती. ती मागं रेलली, पाय रोवला आणि फिरू लागली. एक, दोन, पाच, अकरा. तुळशीवृंदावन, दीपमाळ, तुळईवरचे गोंडे, सगळं गरगर फिरू लागलं. आणि पाय? पाय खांबासारखा घट्ट उभा होता. आजीच "पुरे गं बये, आता मीच जाईन देवाघरी!" म्हणून ओरडली तेव्हा कुठं दोघी थांबल्या. थांबल्या आणि पोट धरून हसत बसल्या.

"पायाला काय झालंय तुझ्या?" आजीनं धापा टाकत विचारलं.

"काही नाही," धाकटी नवलानं म्हणाली. "मग घरी का फिरत नाही?"

"घरी थोरली मागं रेलते का?" आजी म्हणाली.

धाकटी आठवू लागली. नाही. थोरली ताठ उभी राहते. तुझा भार मी घेते म्हणते, आपला भार देत नाही. आणि एकीनं रेलायचं, एकीनं खांबासारखं उभं राहायचं, अशी कुठं फुगडी होते का?

"पाय लंगडा नाही गं," आजी म्हणाली. "त्या बिचारीच्या भीतीनं फुगडी लंगडी केलीय. घेऊन ये उद्या तिला."

दुसऱ्या दिवशी थोरली आली. दोन वर्षं तेलावाचून राहिलेले केस केरसुणीसारखे उभे होते. सासूबाईही मागोमाग आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "गुरवीणबाई, तुम्हीच काहीतरी सांगा हिला. हिचं डोकं बघून काल आमची गाय बुजली."

आजीनं थोरलीला समोर बसवलं. "देवीनं तुला तेल सोडायला सांगितलं होतं का?"

"नाही. मीच सोडलं."

"मी त्या दिवशी ताट कशाला पुढं केलं होतं? हात चोळायला. ते तू ऐकलं नाहीस, आणि जे कुणी सांगितलं नाही ते दोन वर्षं करत बसलीस. त्या दिवशी पुण्य राखेत होतं, बाई. आता ते या पोरीवर भार टाकण्यात आहे."

थोरलीचे डोळे भरून आले. "आजी, मी हिला सोडलं होतं. माझ्या या हातांनी. आता मागं रेलले आणि माझ्या वजनानं हिचा पाय पुन्हा मोडला, तर मी देवीला तोंड कसं दाखवू?"

धाकटीनं तिचे हात हातात घेतले. "जाऊबाई, सहा महिने तुम्ही मला खाटेवर भरवलंत. मला न्हाऊ घातलंत. ते मी विसरायची नाही. पण आता मला असं काचेच्या बांगडीसारखं जपू नका. तुम्ही मला उचलू पाहता ना, तेव्हाच मला वाटतं की मी मोडलेली आहे."

त्या संध्याकाळी सासूबाईंनी वाटीभर तेल कोमट करून तिच्या डोक्यावर घातलं, आणि तिनं घालू दिलं.

मग रोज सराव सुरू झाला. एकेक दिवस छान जाई, थोरली निम्मीअर्धी तरी मागं रेले. एखाद्या दिवशी वेग वाढला की थोरलीचं अंग आपोआप ताठ होई आणि दोघी धप्पकन परसात बसत. सासूबाई ओट्यावरून मोजायच्या, "आज सातदा पडलात. काल नऊदा. देवी पावते आहे." भीती काही सांगितल्यानं जात नाही, बरं का. तिला रोज थोडं थोडं वाटेला लावावं लागतं.

चैत्र आला. जत्रा भरली. अंगणात बारा गावच्या बाया जमल्या. तुळईवरचा त्या दोघींचा गोंडा वाऱ्यानं हलत होता आणि येणारी जाणारी त्याच्याकडं बघत होती. आज पहिला नगारा पुरा झाला नाही, तर उद्या गोंडा नदीत जायचा होता.

दोघींनी समईत तेल घातलं. थोरलीनं राखेच्या ताटात हात बुडवले आणि कोपरापर्यंत इतके चोळले की आजी म्हणाली, "पुरे, पुरे! बाकीच्यांना ठेव."

नगाऱ्यावर टिपरी पडली. जोड्या फिरू लागल्या. वीस पावलं गेली, तीस गेली. आणि थोरलीची नजर त्या दीपमाळेच्या चौथऱ्यावर गेली. झालं! तिचं अंग ताठलं. फुगडी वेडीवाकडी झाली. धाकटीचं पाऊल घसरता घसरता सावरलं. सासूबाईंनी डोळे मिटून देवीचा धावा सुरू केला.

धाकटीनं बघितलं, जाऊबाईंचे ओठ थरथरताहेत. रागावून उपयोग नव्हता. समजावायला वेळ नव्हता. तिला कधी गाणं रचता आलं नव्हतं, पण त्या क्षणी तिच्या तोंडून आपसूक निघालं:

"वेल रेलते मांडवावर,
जाऊबाई, रेला माझ्या हातावर!"

थोरलीनं तिच्याकडं बघितलं. धाकटी हसत होती. भ्यालेल्या माणसाला असं हसता येत नाही. थोरलीनं डोळे मिटले, "आई, तुझ्या पायाशी," असं म्हटलं आणि आपलं भलंमोठं अंग मागं टाकून दिलं.

धाकटीच्या पायावर दोन वर्षांत पहिल्यांदा थोरलीचा सगळा भार आला. पाय हलला नाही.

मग काय विचारता! भोवरा फिरावा तशी फुगडी फिरू लागली. पहिला नगारा संपला तेव्हा गुरवीण आजीनं तुळईकडं बघून हात जोडले. गोंडा राहिला. पण दोघी थांबायला तयारच नव्हत्या. दुसऱ्या नगाऱ्याला निम्म्या जोड्या बसल्या. तिसऱ्याला एकेक करत सगळ्या बसल्या आणि अंगणात दोनच जोड्या उरल्या, या दोघी जावा आणि नदीपलीकडच्या त्या दोघी बहिणी.

नगारेवाला घामानं निथळत होता. बहिणींनी फिरता फिरता चिमटा काढलाच:

"एक आहे भोपळा, एक आहे काडी,
डोंगर चढेल का ही मोडकी गाडी?"

बाया हसल्या. आणि दोन वर्षं मुक्या झालेल्या थोरलीनं, तशीच मागं रेललेली असताना, खणखणीत आवाजात उत्तर दिलं:

"खाटा मोडल्या मी सासरी तीन,
हिच्या मोडल्या पायावर फिरते तल्लीन!"

अंगणभर असा हशा उठला की झाडावरचे पोपट उडाले. सासूबाई ओरडल्या, "तीन नाही गं, चार!" नदीपलीकडच्या धाकट्या बहिणीला हसू आवरेना. ती हसली, तशी थोरली बहीण हसली, पावलांत पावलं गुंतली आणि दोघी हातात हात तसेच धरून धप्पकन अंगणात बसल्या.

"हे काय? हसवून पाडलंत!" थोरली बहीण डोळे पुसत म्हणाली.

"पाडलं कुठं? बसवलं!" थोरली जाऊ म्हणाली, आणि ती अजून फिरतच होती.

दुसऱ्या दिवशी देवीला या गावचं लुगडं नेसवलं. धाकटीनं पदर सारखा केला, थोरलीनं निऱ्या घातल्या. नदीपलीकडच्या बहिणीही आल्या होत्या, त्यांच्या ओंजळीत मोगरा होता. हाडवैद्यसुद्धा आला. दाराशी उभा राहून म्हणाला, "पोरी, फुगडीचं मला विचारू नकोस म्हणालो होतो, ते बरंच झालं. मला त्यातलं काही कळत नाही."

तेव्हापासून त्या गावानं नवी रीत धरली. कुणी दुखण्यातून उठलं, कुणी पडून सावरलं, की शेजारणी त्याच्या घरी जात. पण "बस हो, तू नको करूस" असं म्हणत नसत. जात्याच्या खुंट्याला दुसरा हात लावायला सांगत, घागरीची दुसरी बाजू धरायला सांगत, आपलं तान्हं त्याच्या मांडीवर ठेवत. आणि ते माणूस दोन दिवसांत हसू लागे. देवीनं त्या दोघी जावांना जसा जोर दिला, तसा तो पडून उठणाऱ्या प्रत्येकाला देवो, तुम्हा आम्हा सगळ्यांना देवो.

बोध एवढाच: पडून उठलेल्या माणसाला नुसतं जपू नका, त्याच्यावर आपला भार टाका, विश्वासानं टाकलेला भारच त्याचं बळ परत आणतो.